गडचिरोलीच्या बाया आणि चार दशकांची बंदूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोलीत चकमक झाली की बातमी आकड्यांत येते: किती नक्षलवादी ठार, किती जवान शहीद, कोणावर किती लाखांचं बक्षीस होतं. त्या आकड्यांत बाई असतेच, पण बहुतेक वेळा ‘त्यात इतक्या महिला’ एवढ्यापुरती. विदर्भाबाहेरचे वाचक, विद्यार्थी, या भागात नव्याने नेमणूक झालेले शिक्षक आणि परिचारिका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना एक गोष्ट धरून ठेवली आहे. इथल्या बाईला ‘नक्षलवादी’, ‘पीडित’ किंवा ‘वीरपत्नी’ अशा एकाच खान्यात टाकलं की तिच्या आयुष्याचा बराच भाग दिसेनासा होतो.

हे सगळं गडचिरोलीत सुरू कसं झालं, आणि त्यात बायांचा संबंध कुठून आला?

१९८० मध्ये आंध्र प्रदेशातल्या पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेने आपली पहिली पथकं गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या बाजूला पाठवली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो चंद्रपूरमधून निघाला २६ ऑगस्ट १९८२ ला. पुढे २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि माओवादी कम्युनिस्ट सेंटर एक होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) तयार झाला.

या पथकांनी हात घातला तो लोकांच्या रोजच्या दुखण्यांना: जंगल खात्याच्या खालच्या कर्मचाऱ्यांचा जाच, बांबूतोडीची तुटपुंजी मजुरी, आणि तेंदूपत्त्याचा भाव. तेंदू म्हणजे बायांचं काम. एप्रिल-मेमध्ये पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येण्याची ही जवळजवळ एकच वाट होती. ठेकेदाराला धमकावून पुड्याचा भाव वाढवून घेणारी माणसं बायांना आपली वाटली, यात नवल नाही. जंगलात सरपणाला गेलेल्या बाईला अडवणाऱ्या नाकेदाराचा धाक कमी झाला, हेही अनेक जुन्या बाया सांगतात. नंतर याच तेंदूच्या व्यवहारातून नक्षलवाद्यांनी ठेकेदारांकडून मोठ्या रकमा उकळल्या. पण सुरुवात कुठून झाली ते सोडून दिलं तर पुढचं काहीच कळत नाही.

मुली दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र पथकात, का गेल्या?

एक कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

विचारसरणी हे कारण होतं, पण भरतीच्या वेळी ते क्वचितच पहिलं असे. माडिया आणि गोंड समाजात बाईला मोकळीक जास्त असते असं बाहेरून बघणारे लिहितात, आणि काही बाबतींत ते खरंही आहे. पण मामाच्या किंवा आत्याच्या घरात ठरवलेलं लग्न नको असलेली मुलगी, पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहणारी मुलगी, लग्नानंतर अंगात चोळी घालायची नाही असा जुना नियम ऐकत वाढलेली मुलगी याच समाजातली. पक्षाची बायांची संघटना, म्हणजे क्रांतिकारी आदिवासी महिला संघटन, या गोष्टींवर उघड बोलत होती. त्याआधी कुणीही, ना सरकारी माणूस ना गावचा गायता (पुजारी), या मुलींना त्याबद्दल विचारलं नव्हतं.

चेतना नाट्य मंच या पक्षाच्या कलापथकाची गाणी हे दुसरं कारण. माडिया-गोंडीत, स्वतःच्या भाषेत, ढोलावर गाणारी पोरं-पोरी गावात येत. शाळेत मराठी न कळल्याने मागे बसलेल्या मुलीला तिथे पहिल्यांदा पुढे उभं राहायला मिळे. शिवाय भावाला पोलिसांनी नेलं म्हणून गेलेल्या आहेत, मैत्रीण गेली म्हणून गेलेल्या आहेत, घरात सावत्र आईचा जाच म्हणून गेलेल्या आहेत. बालसंघटनेत निरोप पोचवता पोचवता, कधी ओढल्या गेलो ते न कळता गेलेल्याही आहेत. त्यांतल्या पुष्कळ जणी अठरा वर्षांच्याही नव्हत्या.

अहेरी तालुक्यातली विमला सिडाम ऊर्फ तारक्का ऐंशीच्या दशकात गेली. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांसमोर तिने इतर दहा जणांसोबत शस्त्र खाली ठेवलं, तेव्हा तिची साठी उलटली होती. तिच्या डोक्यावरच्या बक्षिसावर खूप लिहिलं गेलं. एका बाईचं जवळपास सगळं कर्तं वय जंगलात गेलं, याबद्दल फारच थोडं.

म्हणजे त्या स्वतःहून गेल्या की जबरदस्तीने नेल्या?

दोन्ही घडलं आहे. पण १५ वर्षांची मुलगी ‘स्वतःहून’ गेली म्हणताना तिच्यापुढे आणखी कोणत्या वाटा होत्या ते बघावं लागतं. गावात माध्यमिक शाळा नाही, आश्रमशाळा तीस किलोमीटरवर, पावसाळ्यात रस्ता बंद आणि रात्री दारात बंदुका घेतलेली माणसं. अशा जागी मर्जी आणि भीती वेगळ्या काढता येत नाहीत. कायद्याने ती अल्पवयीन होती, आणि तिला नेणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांना यातून सूट देता येणार नाही.

दलममध्ये खरंच बरोबरी होती का?

काही प्रमाणात होती, आणि ती नाकारायचं कारण नाही. स्वयंपाक पाळीने होई, पुरुषही भात शिजवत. पहारा, सामान वाहणं, बंदूक चालवणं यांत बाईला वगळलं जात नसे. लिहायला-वाचायला अनेक जणी जंगलातच शिकल्या. दलमची कमांडर बाई असणं ही गडचिरोलीत नवलाची गोष्ट राहिली नव्हती. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल गावात सभा बोलावून जाब विचारणारी दलममधली अक्का अनेक बायांना अजून आठवते.

पण वर जावं तसं चित्र बदलत जाई. केंद्रीय समितीत आणि पॉलिट ब्युरोत जवळजवळ सगळे पुरुष, तेही बहुतेक तेलुगू बोलणारे आणि शिकलेले. स्थानिक माडिया मुलगी लढायला पुढे, निर्णयाला मागे. वरपर्यंत पोचलेल्या थोड्या बायांपैकी नर्मदाअक्का या आंध्रमधल्या. जून २०१९ मध्ये हैदराबादेत त्यांना पतीसह अटक झाली. पोलिसांच्या गाडीवरच्या १ मे २०१९ च्या जांभुळखेडा स्फोटाच्या प्रकरणात त्या आरोपी होत्या. भायखळ्याच्या तुरुंगात असताना कर्करोग बळावला आणि एप्रिल २०२२ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, मुंबईत त्यांचा मृत्यू झाला.

लैंगिक शोषणाबद्दल परत आलेल्या बायांनी सांगितलेलं आहे. पक्षाच्या कागदांवर अशा गुन्ह्याला कडक शिक्षा होती. प्रत्यक्षात तक्रार करायची ती त्याच कमांडरकडे, त्याच तंबूत, आणि तिथून निघून जायची सोय नाही. बंदूक आणि अधिकार एकाच्या हातात असले की कागदावरच्या नियमाचं काय होतं ते आपण पोलीस ठाण्यांतही पाहिलं आहे.

दलममध्ये लग्नाला परवानगी होती, मग मुलं का नसत?

कारण मूल म्हणजे चालण्याचा वेग कमी. लग्नासाठी पक्षाची परवानगी लागे आणि बहुतेक वेळा पुरुषाने आधी नसबंदी करून घ्यावी असा दंडक होता. ती शस्त्रक्रिया जंगलातच होई. तरीही दिवस गेले तर गर्भ पाडणं, किंवा बाळंत होऊन मूल नातेवाइकांकडे सोडून परत येणं, एवढंच उरे.

शरण आल्यानंतर अनेक जोडप्यांनी पहिली मागणी केली ती याची. गडचिरोली पोलिसांनी नसबंदी उलटवण्याच्या शस्त्रक्रिया करवून दिल्या आणि काही घरांत पाळणा हलला. पुनर्वसनाच्या सगळ्या तरतुदींत मला ही सगळ्यांत माणुसकीची वाटते. पण ज्यांचं वय उलटून गेलं त्या बायांसाठी यात काहीच नाही, आणि गावाकडे परतल्यावर ‘तुला मूल का नाही’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

शरण आलेल्या बाईचं बोलणं कितपत खरं मानायचं?

ऐकावं, पण कुठे बोलतेय ते पाहून. पोलीस मुख्यालयातल्या पत्रकार परिषदेत, मागे फलक लावलेला, तोंडाला रुमाल बांधलेला, अशा वेळी ती जे सांगते त्यावर त्या जागेचा दाब असतो. पक्षाच्या पत्रकातली शहीद अक्काही तशीच घडवलेली असते: तिला कधी भूक लागत नाही, घरची आठवण येत नाही. दोन्हीकडे बाईचं बोलणं दुसऱ्याच्या कामाला लावलेलं असतं.

महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५ ची. तेव्हापासून गडचिरोलीत सहाशेहून जास्त जणांनी शस्त्रं ठेवली. त्यांतल्या बाया काही वर्षांनी, घर बांधून झाल्यावर, शेजारणीशी बोलताना जे सांगतात ते वेगळं असतं. त्यात पश्चात्ताप असतो, मैत्रिणींची आठवण असते, आणि जंगलातल्या काही गोष्टींचा अभिमानही. हे सगळं एकाच बाईच्या मनात असू शकतं.

पोलिसांकडून बायांवर अन्याय झाला, हे खरं की प्रचार?

खरं आहे, आणि ते नक्षलवादी येण्याच्याही आधीपासूनचं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात, म्हणजे आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वडसा गावात, मथुरा नावाच्या अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण काय तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हतीच असं न्यायालय धरून चालेल. पीडितेची ओळख उघड करायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. जिच्यामुळे ही बंदी आली तिचं नाव मात्र देशाच्या प्रत्येक विधी महाविद्यालयात घेतलं जातं. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही.

नंतरच्या दशकांत आधी टाडा आणि मग यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यांखाली खटले झाले. ‘नक्षलवाद्यांना जेवण दिलं’ हा आरोप कागदावर घरधन्याच्या नावावर येई. पण रात्री अकरा वाजता चूल पेटवणारी बाई असे. दारात दहा बंदुका उभ्या असताना भात शिजवायला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न तिला कुणी विचारत नसे. सकाळी गस्तीवरचे लोक येऊन भांडी किती खरकटी आहेत ते मोजत. नवरा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गेला की भेटीसाठी भामरागडहून साडेतीनशे किलोमीटर जायचं, मराठी-हिंदी येत नसताना वकील शोधायचा, आणि त्यासाठी बैल विकायचे. अनेक खटल्यांत शेवटी माणूस निर्दोष सुटला. बैल परत आले नाहीत.

नक्षलवाद्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या माणसाच्या बायकोचं काय होतं?

रात्री नवऱ्याला ‘थोडं बोलायचं आहे’ म्हणून नेतात. सकाळी तो गावाबाहेरच्या रस्त्यावर सापडतो, शेजारी लाल अक्षरांतलं पत्रक. त्या पत्रकामुळे तिच्यावर दुसरा घाव बसतो. आता ती खबऱ्याची बायको. गावकरी भीतीने अंत्यविधीलाही येत नाहीत, कुणी तिच्या शेतात मजुरीला जात नाही, तिला मोहफुलं वेचायला सोबत मिळत नाही. पुष्कळ जणी मुलं घेऊन एटापल्ली, अहेरी, धानोरा अशा तालुक्याच्या गावी आल्या आणि भाड्याच्या खोलीत राहून धुणी-भांडी करू लागल्या. शेत तिकडे पडीक.

तो खरंच खबर देत होता का, हा प्रश्न मी मुद्दाम सोडतो. दिली असती तरी ती फाशीची शिक्षा ठरत नाही. आणि मारलेल्यांत पोलिसांशी काडीचा संबंध नसलेली, जमिनीच्या भांडणातून नाव पुढे केलेली माणसंही होती. आदिवासींच्या नावाने लढणाऱ्यांनी मारलेले बहुतेक लोक आदिवासीच होते.

पोलिसांच्या घरातल्या बायांचं काय?

त्यांच्याबद्दल शहीद दिनाच्या दिवशी बोललं जातं. १९९० मध्ये उभं राहिलेलं सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक मुख्यतः स्थानिक तरुणांचं. त्यामुळे जवानाची बायको, आई, बहीण या त्याच गावांतल्या. मुलगा भरती झाला की आईला गाव सोडावं लागे, कारण सूड तिच्यावर निघू शकतो. सणाला, मयताला, बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी जायची सोय राहत नसे.

महिला पोलिसांबद्दल तर फारच कमी लिहिलं जातं. २१ मे २००९ ला धानोरा तालुक्यात हत्तीगोट्याजवळच्या हल्ल्यात १६ पोलीस मारले गेले, त्यांत पाच महिला होत्या. त्याच वर्षी मरकेगाव आणि लाहेरी इथेही मोठे हल्ले झाले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक गेला. चालकाच्या घराला जवानाच्या घराइतका मान मिळत नाही, हे इथल्या बाया बोलून दाखवतात.

एकाच घरात दोन्ही बाजू असतात, असं ऐकलं. खरं आहे?

हो. एक मुलगा पोलिसात, पुतणी दलममध्ये, अशी घरं आहेत. अशा घरातल्या आईला प्रत्येक चकमकीची बातमी दोनदा ऐकावी लागते.

चकमकीत मेलेल्या मुलीचा देह घरी मिळतो का?

ओळख पटवून मागितला तर मिळतो. पण मागायला जाणं म्हणजे आपलं नाव ठाण्याच्या कागदावर लिहून देणं. म्हणून कितीतरी आई-बाप गेलेच नाहीत.

२२ एप्रिल २०१८ ला कसनासूर-बोरिया इथे, आणि पाठोपाठ राजाराम खांदल्याच्या बाजूला, मिळून ४० जण मारले गेले. काही देह नंतर इंद्रावतीच्या पात्रात मिळाले. गट्टेपल्ली गावातल्या पालकांनी सांगितलं की आमची पोरं-पोरी लग्नाला म्हणून गेली होती. पोलिसांचं म्हणणं होतं की ती नुकतीच भरती झाली होती. दोन्ही म्हणणी नोंदलेली आहेत. मला इथे सांगायचं आहे ते त्या आयांचं: कपड्याच्या तुकड्यावरून, हातातल्या कड्यावरून लेक ओळखायची, आणि ओळखली की तिच्या नक्षलवादी असण्यावर आपणच शिक्का मारल्यासारखं होणार.

बायांच्या आरोग्यावर काय परिणाम झाला?

आधी मुळातली स्थिती. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गाजला. हिंसेचा भार पडला तो अशा शरीरांवर.

संघर्षाच्या भागात परिचारिका संध्याकाळनंतर उपकेंद्रात थांबायला धजत नसे. बंदच्या दिवसांत, नक्षलवाद्यांच्या शहीद सप्ताहात, झाडं तोडून रस्ते अडवलेले असत. त्या आठवड्यात कळा सुरू झालेल्या बाईला खाटेवर घालून नदीपर्यंत आणायचं, आणि पर्लकोटेला पूर असेल तर तिथेच थांबायचं. हेमलकशाचा दवाखाना १९७३ पासून चालू आहे म्हणून भामरागडच्या कितीतरी बाया वाचल्या. मनाच्या आजारांची गोष्ट आणखी अवघड. झोप न लागणं, छातीत धडधड, रात्री कुत्रं भुंकलं की अंगाला घाम. याला गावात भुताची बाधा म्हणतात आणि पुजाऱ्याकडे नेतात. माडिया बोलणारा समुपदेशक मिळणं आजही कठीण आहे.

कायद्याने, सरकारकडून काय मिळू शकतं?

नक्षल हिंसेत मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकाच्या वारसासाठी केंद्राची योजना २००८ पासून आहे. सुरुवातीला ३ लाख, २०१६ पासून ५ लाख रुपये. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो. विधवा आणि निराधार बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात. बलात्कार पीडितेसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि बाईला ते उत्पन्न न पाहता विनामूल्य मिळतं.

अडचण येते ती कागदांवर. पारंपरिक लग्नाची नोंद नसते, आधारवर माहेरचं नाव असतं, रेशन कार्डावर नवऱ्याचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. नवरा बेपत्ता असेल तर सात वर्षं काहीच खबर नाही हे दाखवून न्यायालयाकडून मृत्यू गृहीत धरून घ्यावा लागतो. तोवर ती ना सधवा, ना विधवा. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज मिळत नाही. गावात काम करणाऱ्यांना एवढंच सांगेन: घटना घडल्याच्या आठवड्यात पंचनाम्याची आणि प्रथम खबरीची प्रत तिच्या हातात पडेल असं बघा. वर्षभराने ती मिळवायला तिचे दहा रोज बुडतात.

गावातल्या बायांनी स्वतःहून काही उभं केलं का?

भरपूर, आणि बंदुकीशिवाय. जिल्ह्यातल्या दारूबंदीच्या लढ्यात बाया पुढे होत्या. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. नंतर कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः केला. जिथे ग्रामसभा नीट चालते तिथे पुड्यांचे पैसे बाईच्या खात्यात येतात. १९८० मध्ये जी मागणी बंदुकीच्या धाकाने पुरी झाली, ती इथे हात वर करून आणि ठराव लिहून पुरी झाली. ही गोष्ट चकमकीच्या बातमीइतकी मोठी छापली जायला हवी होती.

आता तर नक्षलवाद संपत आला. मग हे सगळं कशाला उकरायचं?

नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला नक्षलवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह दोन डझनांहून जास्त जण मारले गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तारक्काचा नवरा मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. केंद्राने तर नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीखच जाहीर केली होती. बंदुका कमी झाल्या याचं सगळ्यांत जास्त सुख गावातल्या बायांना आहे.

पण खटले चालू आहेत. बेपत्ता माणसांची नावं घरांत आहेत, कागदांत नाहीत. खबऱ्याची बायको आणि शरण आलेली अक्का आता एकाच बाजारात भाजी घेतात, आणि एकीच्या नवऱ्याला नेणाऱ्या दलमात दुसरी होती, असंही घडतं. शरण आलेल्याला घर, पैसे, नोकरी, आणि मारलेल्याच्या घरी वर्षानुवर्षं हेलपाटे, हा सल खोल आहे. या दोघींना समोरासमोर बसवायचं काम कोणत्याही योजनेत लिहिलेलं नाही.

या बायांशी बोलायला जायचं आहे. काय पाळावं?

पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका. माडिया-गोंडी जाणणारी बाईच दुभाषी घ्या, गावातला पुरुष नको. तेंदू आणि रोवणीचे दिवस टाळा, तिची मजुरी बुडते. पहिल्याच भेटीत घटनेबद्दल विचारू नका, आणि ती मध्येच उठून गेली तर मागे जाऊ नका. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा, नंतर पुन्हा विचारा, आणि छापण्याआधी तिसऱ्यांदा. नाव, गाव, मुलांची शाळा यांतलं काहीही लिहू नका, ती ‘लिही’ म्हणाली तरी. आणि तिचा अर्ज कुठे अडकला आहे ते विचारून परतताना तहसील कार्यालयात डोकावून या.